पुणे ते दिवेआगर सायकलवर: दर वर्षी तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. प्रश्न दर वर्षी तेच असतात, विचारणारे नवे. यंदा उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. वाचून झाल्यावरही शंका उरली तर फोन करा, पण "चढ किती आहे हो?" एवढ्यासाठी नको. ते खाली लिहिलंय.

नेमकं जायचं कुठून कुठे?

शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौकातून निघायचं. भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणी. घाट उतरून विळे, तिथून निजामपूर आणि माणगाव. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून मोर्बा रस्त्याला लागायचं, पुढे घोणसे घाट, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. एकूण साधारण १६० किलोमीटर. रविवारी सकाळी समुद्राच्या कडेने शेखाडीमार्गे श्रीवर्धन, म्हणजे आणखी वीसेक. तिथून सायकली टेम्पोत आणि आपण गाडीत.

विळ्याला एक फाटा आहे, तेवढा लक्षात ठेवा. डावीकडचा रस्ता निजामपूर-माणगावला जातो, उजवीकडचा सुतारवाडीवरून कोलाडला. घाट उतरल्याच्या आनंदात आमचा एक गडी सरळ उजवीकडे सुटला होता. रस्ता छान होता म्हणे, म्हणून त्याला शंकाही आली नाही.

पुण्याहून कोकणात म्हणजे उतारच ना?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त पाय दुखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि दिवेआगर समुद्रावर, हे खरं. पण मधला रस्ता घसरगुंडी नाही. मुळशीच्या कडेचा रस्ता सारखा वर-खाली होतो. प्रत्येक चढ छोटा असतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि ताम्हिणीपर्यंत मांड्यांतला निम्मा दम संपलेला असतो. खरा उतार त्यानंतर, तोही तासाभरात संपतो. आणि जेवण करून, माणगावच्या दुपारच्या उन्हातून निघाल्यावर घोणसे घाट येतो. लांबी फार नाही, पण वेळ वाईट. तिथे सायकल हातात धरून चालणाऱ्याला आम्ही हसत नाही, कारण बहुतेक वेळा चालणाऱ्यांत आम्हीच असतो. दिवसभराच्या चढाईची बेरीज हजार मीटरच्या वर जाते, तेव्हा आधीच्या महिन्यात बोपदेव घाट दोन-चार वेळा चढून बघा.

मुळशीच्या बाबतीत एक गंमत आहे. मुळा नदीचं पाणी एरवी पूर्वेला जातं. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळतं. धरण झाल्यावर त्यातलं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं. ते खाली भिरा इथे वीज करतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. म्हणजे त्या दिवशी पाणी आणि आपण एकाच बाजूला निघालेले असतो, फक्त त्याला घोणसे घाट लागत नाही. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचा. तलावाकाठी चहाला थांबाल तेव्हा पाण्याखाली गावं आहेत हे आठवू द्या.

सराव किती लागतो?

निघण्याआधीच्या दीड महिन्यात एकदा तरी ८० ते १०० किलोमीटर एका दिवसात झालेले असावेत. पुणे-पानशेत-पुणे चांगलं. रोज ऑफिसला सायकलने जात असाल तर उत्तमच, पण रोजचे दहा-दहा किलोमीटर आणि एका दिवसाचे १६० यांत फरक आहे. पाय चालतात. अडतं ते मान, मनगट, तळवे आणि बूड. ते सीटवर सात-आठ तास बसूनच तयार होतात.

ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायची सायकल-फेरी) करणाऱ्यांनी २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात हे सांगू नये. आम्हाला माहीत आहे. आमच्याकडे घड्याळ फक्त सूर्यास्ताचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि बोर्लीच्या रस्त्यावर दिवे नाहीत.

साधी सायकल चालेल का?

गिअर नसलेली नको. गिअरची असेल तर हायब्रिड, रोड, एमटीबी (डोंगरी सायकल) काहीही चालेल. एमटीबीला जाड, गुठळ्यांचे टायर असतील तर ते बदलून गुळगुळीत घाला. सायकल बदलल्यासारखी वाटेल. हायब्रिडच्या ३२-३५ मिलिमीटर टायरला ६० ते ७० पीएसआय हवा पुरते. रोड बाइकवाले १०० भरून येतात आणि पहिल्या खडबडीत पट्ट्यात दात वाजवत बसतात. थोडी कमी ठेवा.

नवीकोरी सायकल घेऊन येऊ नका. नवीन सीट तर मुळीच नको. दुकानातून आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणलेलीही नको. सर्व्हिसिंगनंतर पन्नासेक किलोमीटर चालवून बघा, कारण केबल ताणली जाते आणि गिअर घाटातच अडकतात. मला हे घाटात कळलं.

मी सगळ्यांत मागे पडलो तर?

हा प्रश्न लाजत, शेवटी, आणि जवळजवळ प्रत्येकाकडून येतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या वर्षी आम्ही सात जण होतो आणि सातही जण शहाणे. घाट उतरून ज्याला जसं जमेल तसं सुटलो. माणगावला पोचून जेवण मागवलं तेव्हा लक्षात आलं की आपण सहाच आहोत. सातव्याचा फोन लागेना. वाट बघू म्हटलं, येईल. अर्धा तास, पाऊण तास. डाळ-भात गार झाला. शेवटी दोघे उलट निघालो.

निजामपूरच्या अलीकडे एका किराणा दुकानाच्या बाकड्यावर तो पाय लांब करून बसला होता. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेले. दुकानातल्या काकूंनी त्याला तांब्याभर पाण्यात लिंबू, मीठ, साखर ढवळून दिलं होतं आणि पायाखाली तांदळाचं पोतं सरकवलं होतं. शेजारी त्यांचा नातू सायकलची घंटी वाजवत बसलेला. काकूंनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यालाच विचारलं, "हेच का रे तुझे सोबती? नि पुढं कशास गेले होते?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आमच्या वतीने सांगितलं, "जेवायला."

त्यानंतर आमच्यात 'शेपूट' आलं. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागचा माणूस. तो ठरवून मागे असतो. पंप, जास्तीच्या ट्यूबा आणि औषधांची पिशवी त्याच्याकडे. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा पंक्चर काढत बसला तर शेपूटही बसणार, पुढचा झाडाखाली आडवा झाला तर शेपूटही आडवं. दर थांब्याला शेपूट बदलतं, म्हणजे सगळ्यांत जोरात चालवणाऱ्यालाही ते व्हावंच लागतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या बँकवाल्याला, जो एरवी दिसतच नाही एवढा पुढे असतो, म्हसळ्यापर्यंत शेपूट केलं. संध्याकाळी तो म्हणाला की ताम्हिणीतून बारा वेळा गेलो पण मोर्बा रस्त्याला इतकी आंब्याची झाडं आहेत हे माहीत नव्हतं. मोर्बा रस्ता ताम्हिणीत नाही, हे त्याला सांगितलं नाही. दमला होता.

थांबे ठरलेले आहेत: पौड, घाटाच्या आधी ताम्हिणी गाव, विळे फाटा, माणगाव, म्हसळा. प्रत्येक ठिकाणी शेपूट आल्याशिवाय पुढचा हलत नाही. ताम्हिणीत फोनला रेंज नसते, त्यामुळे "पोचलो की फोन करतो" हे तिथे चालत नाही. तेव्हा मागे पडलात तर काय होईल? तुमच्या मागे एक जण असेल आणि पुढे चहा.

आणि मी सगळ्यांत पुढे असलो तर?

वाट बघा. चहा सांगून ठेवा.

घाट उतरताना भीती वाटते. काय करू?

भीती वाटायलाच हवी. तिचं काय करायचं तेवढं सांगतो. हात ब्रेकवर, बूड थोडं मागे, वळण येण्याआधी वेग कमी, वळणात ब्रेक सोडलेले. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कड्याला धरणारा) असेल तर रिम तापते, रबर झिजतं आणि ऐन वेळी धरत नाही. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन्ही ब्रेक वापरा. नुसता पुढचा करकचून दाबलात तर सायकल थांबेल, तुम्ही पुढे जाल.

ताम्हिणीच्या वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी आणि पानं साचलेली असतात. तिथून काढू नका. दोन सायकलींत निदान तीन-चार सायकलींचं अंतर ठेवा, शेजारी-शेजारी गप्पा मारत उतरू नका. वळणापलीकडून एसटी कुठल्या बाजूने येईल सांगता येत नाही. घाट चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, ती ट्रक असो की आपल्यासारखाच कुणी उलटा वेडा. फोटो काढायचा असेल तर पूर्ण थांबून, रस्त्याच्या बाहेर उतरून. चालत्या सायकलवरून व्हिडिओ काढणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावत नाही. हा नियम कडक आहे.

खायचं काय? बरोबर काय घ्यावं?

भूक लागण्याआधी खायचं, तहान लागण्याआधी प्यायचं. लांबच्या सायकलिंगमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन खजूर, किंवा राजगिऱ्याचा लाडू, किंवा चिक्कीचा तुकडा. एनर्जी जेलच्या महागड्या पुड्या आणणारे आणतात. त्यांचा त्यातला पहिला घोट घेतानाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पौडला पोहे आणि चहा होतात. मिसळ नको. सकाळी साडेसहाला तर्री खाल्ली की घाटात तिची आठवण होत राहते. दुपारी माणगावला पोटभर जेवायचं पण फुगेपर्यंत नाही. तासभर सावलीत पाठ टेकायची, उन्हाचा कडका मोडला की निघायचं. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर डोकं जड होतं, मळमळतं. घामातून मीठ जातं ते परत द्या. ओआरएसच्या चार पुड्या किंवा काकूंचं लिंबू-मीठ-साखर, दोन्ही चालतात. म्हसळ्यात कोकम सरबत मिळालं तर सोडू नका.

अचानक पाय चालेनासे झाले, डोकं बधिर झालं, रडू आलं, तर तो तुमचा स्वभाव नाही, अंगातली साखर संपलीय. गोड खा, पंधरा मिनिटं बसा.

पंक्चर मला काढता येत नाही.

तर मग ट्यूब बदलायला शिका, एवढं पुरे. घरी एका रविवारी मागचं चाक तीन वेळा काढा-घाला. दोन जास्तीच्या ट्यूबा, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी), छोटा पंप, पॅच किट आणि चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), एवढं प्रत्येकाकडे हवं. गावातला पंक्चरवाला मदतीला धावून येतो, पैसे घेतानाही लाजतो, पण सातशे सी मापाची ट्यूब त्याच्याकडे नसते. प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) व्हॉल्व असेल तर त्याचा पंपही बसत नाही. त्यासाठी पितळेचा अॅडॅप्टर मिळतो, कंपासपेटीत हरवेल एवढा. तो व्हॉल्वलाच लावून ठेवा.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काच किंवा बाभळीचा काटा तिथेच रुतलेला असतो. घाईघाईत ट्यूब बदलून दोनशे मीटरवर पुन्हा बसलेले लोक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांतला एक मीच.

कपडे? आणि ते… बसायचं दुखणं?

पॅडेड शॉर्ट्स, आणि आत काही नाही. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण नवीन माणूस आत चड्डी घालतो आणि तिची शिवण संध्याकाळपर्यंत कातडीत उमटते. जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. लाजू नका, सगळे लावतात. हेल्मेट सक्तीचं. पहाटे मुळशीला बोटं आखडतात आणि दुपारी माणगावला डोकं तापतं, म्हणून हातमोजे आणि पातळ विंडचीटर. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दोन्ही चार्ज केलेले.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे. पेडल सगळ्यांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, गुडघा किंचित वाकलेला.

बायका असतात का? आणि बाथरूमचं काय?

असतात. गेल्या खेपेला चौदांत पाच होत्या. बाथरूमचं खरं सांगायचं तर सोय जेमतेम. पौड, माणगाव, म्हसळा इथे हॉटेल किंवा पेट्रोल पंपावर होतं. ताम्हिणी ते निजामपूर या पट्ट्यात भरवसा नाही. आमच्यातली डॉक्टर मैत्रीण सगळ्यांना बजावते की बाथरूमच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. वाटेत एखाद्या घरी विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. "ताई, जरा आत येऊ का?" म्हटलं की पुढचं पाणी, चहा आणि चौकशी आपोआप होते. त्यात वीस मिनिटं जातात, ती धरून चाला.

कुत्री मागे लागली तर?

पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि दरडावून हाड म्हणा. ती पळणाऱ्या चाकाच्या मागे असतात, तुमच्या नाही.

आम्ही मुंबईचे. पुण्याला येऊन मग निघायचं?

नको. तुमचा रस्ता आमच्यापेक्षा सोपा आणि बहुधा देखणा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्या. तिच्यात सायकल घेता येते. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांडा. आगरदांड्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, सायकल चढवायची, पलीकडे दिघीला उतरायचं, तिथून दिवेआगर जवळ. साधारण ९०-९५ किलोमीटर होतात. बोटींच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, त्या भरतीवर आणि मर्जीवर बदलतात. रेवदंड्याचा पूल ओलांडाल तेव्हा खाली बघा. ती कुंडलिकेची खाडी. आम्ही सकाळी ज्याच्या काठाने आलो ते मुळशीचं पाणी तिथे तुमच्या खालून समुद्रात जात असतं.

पावसाळ्यात का जात नाही? तेव्हा तर ताम्हिणी सुंदर असते.

तुमच्यासकट सगळ्या पुण्याला ती तेव्हाच सुंदर वाटते, म्हणून. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग, धुकं, दरडी आणि धबधब्याखाली नाचणारी मंडळी. डिसेंबर-जानेवारीत या.

मुक्काम, जेवण, खर्च?

दिवेआगरला घरगुती मुक्काम. वाडीत उतरायचं, विहिरीच्या पाण्याने आंघोळ, केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, सोलकढी. मासे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, शाकाहारी असाल तर उकडीचे मोदक सांगायचे, आणि माझ्यासारखे असाल तर दोन्ही. गेल्या खेपेला टेम्पो, गाडी, मुक्काम धरून माणशी २,८०० रुपये पडले.

वाडीत सुपारीच्या झाडांमध्ये मोकळ्या जागा दिसतील. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्याला धडकलं आणि एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळायला वर्षं जातात. यजमान काका विषय काढत नाहीत. आपणही भाव विचारताना घासाघीस करायची नाही.

रविवारी सायकलनेच परत का येत नाही?

दोन वर्षं प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी चढायला कुणाचेच पाय तयार नसतात, आणि रात्री अंधारात पुण्याच्या वाहतुकीत शिरायचं हे नुसतं धोक्याचं. त्यापेक्षा शेखाडीचा रस्ता सावकाश करावा. डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट समुद्र, रहदारी नाही. श्रीवर्धन हे पहिला भट पेशवा बाळाजी विश्वनाथ याचं गाव, आणि रोठा सुपारीचंही. घरच्यांसाठी सुपारी घेतली तर पुढच्या वर्षीची परवानगी लवकर मिळते.

टेम्पोत सायकली भरायला तासभर लागतो, तेव्हा कुणी आंघोळीला गायब होऊ नये. पेडल उलटी फिरवून, मागच्या गिअरची बाजू बाहेर ठेवून, दोन सायकलींमध्ये पुठ्ठा किंवा गोणपाट आणि मग सुतळी. पुठ्ठे घरून आणा. एका वर्षी नुसत्या टॉवेलवर भागवलं, तर पुण्यात उतरवताना तीन सायकलींचे रंग एकमेकींना लागलेले.

वाटेत कुणाची तब्येत बिघडली तर?

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. घाटात रेंज नसेल तर येणाऱ्या एसटीला हात करा, थांबते. छातीत दुखणं, चक्कर, घाम बंद होऊन अंग तापणं यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं. "आता थोडंच राहिलंय" हे वाक्य आमच्यात बंद आहे. मधुमेह, दमा, रक्तदाब असेल तर निघण्याआधी सांगा. नाही बोलवणार असं नाही, शेपटाला माहीत असावं म्हणून.

सोमवारी ऑफिसला जाता येतं का?

येतं. जिना चढायला काही होत नाही. उतरताना कठडा धरावा लागतो.